शाईचे इमान

काही प्रश्न दिसावयाला दुकानदारीचे असतात. पण त्यांची एक गाठ सोडविली की पुढची, तिच्या पुढची, असे करता करता माणूस नकळत नीतिशास्त्राच्या ओसरीवर येऊन बसतो. घरातले जुने कृष्णधवल छायाचित्र पुन्हा छापून घ्यावयाचे असेल तर ते कोणत्या शाईने छापावे, हा असाच एक प्रश्न आहे. यात कसले आले आहे तत्त्वज्ञान, असे वाचक म्हणतील. शाई काळी असावी, परवडणारी असावी, चित्र झकास दिसावे, म्हणजे झाले! परंतु दिवाळीच्या तोंडावर घरोघर जी झाडलोट होते, तिच्यात भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. आणि त्यांच्या काचांवरून फडके फिरविताना ज्याने डोळे उघडे ठेवले असतील, त्याला हा प्रश्न इतका सोपा वाटणार नाही.

त्या तसबिरींकडे जरा निरखून पाहावे. फेटा बांधून खुर्चीवर ताठ बसलेले पणजोबा. चित्राला सत्तर-ऐंशी वर्षे होऊन गेली. कडा पिवळ्या पडल्या आहेत, पण मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. त्यांच्या शेजारी १९७५-८० च्या सुमाराचे, त्या वेळी मोठ्या नवलाईने आणि चार पैसे जास्त मोजून काढविलेले रंगीत लग्नचित्र. त्यातला शालूचा हिरवा रंग केव्हाच उडाला आहे, मांडवाची झालर विटली आहे, आणि वधूवर दोघेही तांबूस धुक्यात उभे असल्यासारखे दिसताहेत. नातू विचारतो, "आजी, तुझ्या लग्नात सगळं लालच होतं का गं?" पणजोबा टिकले आणि आजी विटली, हे कशामुळे? 'जुने ते सोने' असे पुटपुटून आपण फडके पुढे नेतो. पण ते सोने नव्हते, ती चांदी होती. आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. जुन्या कृष्णधवल छायाचित्रातला काळेपणा हा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. रंगीत छायाचित्रात मात्र चांदी धुऊन काढतात आणि तिच्या जागी सेंद्रिय रंग उरतात. ते उजेडात विटतात, आणि त्यांतले काही तर पेटीत बंद करून ठेवले तरी विटतात.

चांदी तरी अमर आहे काय? तसेही नाही. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली आणि वीस वर्षे उलटली नाहीत तोच कागदावरची चित्रे फिकी पडू लागली. लोक इतके धास्तावले की १८५५ साली लंडनच्या छायाचित्रकारांच्या संस्थेने चित्रे का विटतात याचा शोध घेण्यासाठी एक समितीच नेमली. धुलाईत राहून गेलेली रसायने आणि हवेतले गंधकाचे अंश चांदीला खातात, असे त्यांच्या ध्यानात आले. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील एका उमरावाने न विटणाऱ्या छपाईची रीत शोधून काढणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. विद्वानांनी डोकी खाजविली, प्रयोग केले. आणि अखेर ज्या पदार्थापाशी ते येऊन थांबले तो आपल्या देवघरातल्या समईच्या वातीवर रोज धरतो. काजळी! कार्बनच्या कणांनी चित्र छापण्याची एक उत्तम रीत इंग्लंडात जोसेफ स्वान याने १८६४ साली पेटंट करून घेतली. त्या रीतीने छापलेली एकोणिसाव्या शतकातली चित्रे आजही काळीभोर आहेत.

पुढे काळ पालटला. अंधारखोल्या बहुतेक बंद पडल्या, रसायनांच्या परातींना गंज चढला, आणि शाईचे सूक्ष्म तुषार उडवून कागदावर चित्र उमटविणारे इंकजेट यंत्र घराघरांत व दुकानांत येऊन बसले. त्याबरोबर १८५५ चा तो जुना प्रश्नही नवे कपडे घालून परत आला. २००० सालच्या सुमारास एका नामांकित कंपनीच्या यंत्रावर छापलेली सुंदर चित्रे थोड्याच महिन्यांत, काही घरांत तर त्याहूनही लवकर, नारिंगी पडू लागली. हवेतला ओझोन त्यातल्या निळसर रंगाचा घास घेत होता. त्याच सुमारास अमेरिकेत जॉन कोन यांच्यासारख्या छपाईच्या कसबी माणसांनी यंत्रातल्या रंगीत शाया काढून त्या जागी काळ्या शाईच्याच दाट-पातळ छटा भरण्याचा उद्योग चालविला होता. कॅलिफोर्नियातील पॉल रोअर्क यांनी तर निव्वळ कार्बनच्या शाईची आपली मिश्रणे कोणालाही करता यावीत म्हणून उघड केली. ज्ञान झाकून ठेवून पैसा करता येत असताना ते वाटून टाकणे, हीसुद्धा या गोष्टीतली एक नीतीच आहे.

आता हा प्रश्न आपल्या गावच्या मातीत उतरवून पाहू.

कोल्हापूरची शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसविली, आणि गुळाच्या उलाढालीने तिचे नाव झाले. गुळाचे सौदे पुढे मार्केट यार्डात गेले, तरी पेठेचा उदमी स्वभाव गेला नाही. याच शाहूपुरीत कुंभार गल्ली आहे. तेथे गणपतीच्या मूर्ती घडतात. आणि याच भागात २०१९ च्या ऑगस्टात व पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचे पाणी जयंती नाल्याच्या वाटेने शिरले. राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. पूर ओसरल्यावर लोकांनी गाद्या, धान्य, वह्या-पुस्तके रस्त्यावर आणून टाकली. त्या ढिगाऱ्यांत छायाचित्रांचे अल्बमही होते. भांडी पुन्हा घेता येतात, गादी पुन्हा भरता येते. पण काचेला चिकटून बसलेला आणि सोडवू जाता चेहऱ्यासकट सोलून आलेला आईचा एकुलता एक फोटो कोणत्या बाजारात मिळावा?

समजा, अशा एका घरातला माणूस शाहूपुरीतल्या एका छायाचित्रकाराच्या दुकानात येतो. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले, एका कोपऱ्यात बुरशी धरलेले चित्र आहे. तो म्हणतो, "अण्णा, पाण्यातनं एवढा एकच वाचलाय बघा. आईचा दुसरा फोटो न्हाई आमच्याकडं. चांगला मोठा करून द्या. आणि जरा उजळ करा तिला."

अण्णांच्या पुढे तीन वाटा आहेत. पहिली वाट साध्या विरघळणाऱ्या रंगाच्या शाईची. ती स्वस्त आहे, चकचकीत कागदावर झोकात दिसते, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण तिच्यातला रंग पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळलेला असतो. पुन्हा पाणी घरात आले तर तो पसरावयाचा, आणि नाही आले तरी उजेड व हवा त्याचे रेणू तोडत राहावयाची. दुसरी वाट रंगीत पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची. यंत्र काळ्याच्या जोडीला निळे, जांभळट, पिवळे ठिपके मिसळून करडी छटा तयार करते. ही शाई पहिलीपेक्षा कितीतरी टिकाऊ खरी. पण करडेपणा हा अनेक रंगांचा समझोता असतो आणि त्या रंगांची आयुष्ये सारखी नसतात. एक आधी थकला की समझोता मोडतो, आणि करड्या गालावर हिरवट किंवा तांबूस झाक चढते. तिसरी वाट निव्वळ कार्बनची. एकच काळी शाई, तिच्याच दाट, मध्यम, पातळ अशा चार-सहा पायऱ्या. डोळ्याच्या बाहुलीपासून कपाळावरच्या उजेडापर्यंत सारे काही एकाच द्रव्याने रंगवावयाचे.

कार्बन का टिकतो याचे कारण मोठे मजेदार आहे. रंगाचा रेणू म्हणजे नाजूक बांधणीचा पत्त्यांचा बंगला. प्रकाशाचा एकेक कण त्यावर आदळतो आणि केव्हातरी तो बंगला ढासळतो. काजळी मात्र जळून निघालेली असते. तेल पेटले, त्यातले जाण्यासारखे होते ते ज्योतीत गेले, आणि जे मागे उरले ते काजळी. तिच्यावर पडलेला प्रकाश ती गिळते, त्याची ऊब करून टाकते, आणि स्वतः होती तशीच राहते. ती पाण्यात विरघळत नाही, साध्या हवेत कुजत नाही. जे एकदा अग्नीतून पार पडले त्याला उन्हाचे भय उरत नाही.

आपल्या पूर्वजांनी याची प्रयोगशाळेत परीक्षा केली नव्हती, पण ओळख त्यांना पक्की होती. अजिंठ्याच्या भिंतींवर काळा रंग आहे तो काजळीचा. काजळी आणि डिंक घोटून केलेल्या शाईत बोरू बुडवून आपल्या कारकुनांनी शतकानुशतके मोडी लिहिली. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात ती दप्तरे आजही पाहावयास मिळतात. कागद तपकिरी पडला, कडा कसरीने खाल्ल्या, पण अक्षर काल लिहिल्यासारखे. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास खर्ची घातला आहे. ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून अखेरच्या अक्षरापर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्याने टाक आणि अक्षर यांचा इतका बारीक विचार करावा, याचे काही जणांना नवल वाटते. मला वाटत नाही. जे सांगावयाचे ते पुढच्याच्या हाती धड पोहोचावे, ही कळकळ ब्रह्मज्ञानापेक्षा फार निराळी नाही.

तर मग अण्णांनी डोळे मिटून तिसरी वाट धरावी की नाही? येथेच खरी अडचण सुरू होते. निव्वळ कार्बनचे चित्र शुद्ध काळे-पांढरे दिसत नाही. दाट थरात काजळी काळी असते. पातळ थरात ती तपकिरीकडे झुकते, आणि तिचे कण जितके बारीक तितकी ती झाक अधिक. गिऱ्हाइकाच्या मनात कृष्णधवल म्हणजे थंड, निळसर, चंदेरी. त्याला हे चित्र जुनाट, चहाच्या हाताने पुसल्यासारखे वाटते. मग शाई करणारे त्यात थोडा निळा रंगकण मिसळतात. निळ्याने तपकिरी मारली जाते आणि चित्र ठाकठीक करडे होते. पण निळा हा कार्बनइतका दीर्घायुषी नाही. वर्षे लोटतील तसा तो काढता पाय घेईल आणि चित्र हळूहळू आपल्या मूळ तपकिरीवर येईल. म्हणजे आज जे दिसते ते उद्या राहावयाचे नाही, हे छापणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही.

ही गोष्ट कोल्हापूरकरांना निराळी समजावून सांगावयास नको. उसाच्या रसाचा चांगला कढवलेला गूळ स्वभावतः गडद तपकिरी असतो. पण बाजारात पिवळाधमक गूळ भाव खातो, म्हणून काही गुऱ्हाळांतून रसात हायड्रोस टाकण्याची चाल पडली. ढेप उजळते, डोळ्यांना भुरळ घालते. आणि पुढे ठेवणीत तो उजळपणा उतरून ती पुन्हा काळवंडते. दोष गुळाचा नाही, आणि सगळा दोष गुऱ्हाळवाल्याचाही नाही. आपण जीभ बाजूला ठेवून डोळ्यांनी गूळ खरेदी करू लागलो, त्याचे ते फळ आहे. कार्बनची तपकिरी झाक ही त्या अस्सल गुळासारखी आहे. जो तिला तिच्या रंगासकट पत्करील त्याच्याशी ती इमानाने वागेल.

आता मूळ प्रश्नाला हात घालू. छापणाऱ्याने टिकाऊ शाई वापरणे हे त्याचे कर्तव्य आहे, की ती केवळ त्याची हौस?

या व्यवहारातले एक वैशिष्ट्य पाहा. भाजीवाल्याने किडकी वांगी दिली तर संध्याकाळी कळते आणि उद्या भांडता येते. शिंप्याने सदरा आखूड केला तर तो तेथेच अंगावर चढवून पाहता येतो. पण शाईची लबाडी वीस वर्षांनी उघडी पडते. तेव्हा दुकान नसेल, पावती नसेल, कदाचित घेणाराही नसेल. असेल तो एक नातू, एका विटलेल्या चौकटीपुढे उभा राहून 'ही कोण?' असे विचारणारा. छापणारा शब्द देतो त्या घटकेला, आणि तो शब्द मोडतो तेव्हा साक्षीला कोणी उरत नाही. ज्या वचनाचा हिशेब मागावयाला कोणी येणार नाही, ते पाळतो की नाही, यावरच माणसाच्या इमानाची खरी परीक्षा होते. भीतीपोटी पाळलेल्या शब्दाला आपण व्यवहार म्हणतो.

शाईच्या खोक्यावर शंभर वर्षे, दोनशे वर्षे असे आकडे छापलेले असतात, त्यांचे काय, असे कोणी विचारील. ते आकडे खोटे नसतात; पण ते कसे काढतात हे समजून घेतले पाहिजे. चित्रावर प्रखर दिव्याचा उजेड काही महिने सतत पाडतात, किती विटले ते मोजतात, आणि घरातला उजेड इतका धरला तर इतकी वर्षे, असा त्रैराशिकाने हिशेब करतात. या विषयातले जाणकार हेन्री विल्हेल्म यांच्या प्रमाणात घरातला उजेड ४५० लक्स आणि तोही दिवसाचे बारा तास धरलेला असतो. एवंच, तो आकडा हे अनुमान आहे. आणि तेही त्याच शाईचे, त्याच कागदावरचे. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान यांत भेद केला तो उगीच नव्हे. कार्बनच्या बाजूने प्रत्यक्षाची साक्ष आहे. शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिले, आणि आपण ते आज वाचतो. तरीही येथे हातचे राखून बोलले पाहिजे. बोरूची शाई टिकली म्हणून यंत्रातली टिकेलच असे नाही. कारण तिच्यातला कार्बन जरी तोच असला, तरी त्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ नवा आहे आणि कागदावरचा लेपही नवा आहे.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. मुळात टिकण्याचा एवढा अट्टाहास कशाला? सारेच नश्वर आहे, असे आपले संत सांगत आले. आबालाल रहिमान हे कोल्हापूरचे थोर चित्रकार. शाहू महाराज १९२२ साली निवर्तले, तेव्हा त्या दुःखात आबालालांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असे कोल्हापुरात सांगतात. आणि त्या कुंभार गल्लीतच पाहा ना! महिनेन् महिने खपून कुंभार मूर्ती घडवितो, डोळ्यांची आखणी करताना श्वास रोखून धरतो. आणि ती मूर्ती काही दिवसांत पाण्यात विरघळून जावयाची, हे त्याला पहिल्या चिखलापासून ठाऊक असते. तेथे न टिकणे हीच शोभा आहे. मग छायाचित्रानेच अमरपट्टा का मागावा?

मला वाटते, उत्तर त्या आक्षेपातच आहे. शाडूची मूर्ती विरघळते तेव्हा ती आपला शब्द पाळीत असते. 'पुढच्या वर्षी लवकर या' असे म्हणताना आपण तिला निरोपच देत असतो. उलट, प्लॅस्टरची मूर्ती विसर्जनानंतर आठवडाभराने हातपाय मोडून काठाला लागते तेव्हा आपल्याला कसेसेच होते. का? तर जिने जावयाचे कबूल केले होते ती गेली नाही म्हणून. आणि भिंतीवरची आई विटते तेव्हा दुःख होते ते जिने राहावयाचे कबूल केले होते ती राहिली नाही म्हणून. दोन्हींत दोष एकच. टिकणे हा स्वतःहून गुण नव्हे आणि विरणे हा स्वतःहून दोष नव्हे. वस्तूचे आयुष्य तिने दिलेल्या शब्दाइतके असावे, इतकेच. वर्तमानपत्राच्या कागदाने शंभर वर्षे जगावे अशी कोणाची मागणी नसते. दिवाळीच्या आकाशकंदिलाने कार्तिक सरताना फाटावे, हे रास्तच आहे. पण हार घालून ज्याच्यापुढे हात जोडावयाचे, त्या चित्राने पिढ्यांशी करार केलेला असतो. आबालालांनी चित्रे पाण्यात सोडली असतील तर ती स्वतःची. दुसऱ्याची आई पाण्यात सोडण्याचा अधिकार कोणाही छापणाऱ्याला नाही.

दुसरा आक्षेप आजच्या तरुणांचा. मूळ चित्र संगणकात आहे, मोबाइलमध्ये आहे. कागद विटला तर नवा छापू! हे उत्तर चटपटीत आहे, पण निदान कोल्हापूरच्या माणसाने ते देऊ नये. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्या कंपनीच्या मूकपटांपैकी बहुतेक आज कोठेही पाहावयास मिळत नाहीत. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या. त्या कुजत, पेटत. २००३ सालच्या जानेवारीत पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि जपून ठेवलेल्या कित्येक नायट्रेट फिती जळून गेल्या. त्या काळच्या लोकांना फीत हीच आधुनिक आणि भरवशाची वाटत असली पाहिजे. प्रत्येक पिढीला आपली पेटी अभेद्य वाटते. मोबाइल हरवतो, तबकडी बंद पडते, परवलीचा शब्द आजोबांबरोबर जातो. कागदावरचे चित्र पाहावयाला वीज लागत नाही आणि परवानगीही लागत नाही. डोळे उघडे असले की पुरे.

तिसरा आक्षेप मात्र मला सर्वांत खरा वाटतो, आणि तो पैशाचा आहे. कार्बनच्या शाईला स्वतंत्र यंत्र राखून ठेवावे लागते. तिचे कण तळाशी बसतात, बाटली हलवावी लागते. यंत्राची छिद्रे तुंबतात आणि चार दिवस काम नसले तर पुन्हा धुवावी लागतात. सुती, बिनचमकीचा कागद महाग, आणि त्यावरची काळी बाजू बोट घासले तर पांढुरकी होते. हा सारा खर्च अखेर गिऱ्हाइकाच्या माथी येणार. पुरात घर धुऊन गेलेल्या माणसाला, 'तुझ्या आईसाठी एवढेही करीत नाहीस?' असे म्हणून महाग शाई गळ्यात मारणे, हीसुद्धा एक लबाडीच. फक्त ती सोवळे नेसून येते. तेव्हा अण्णांचे कर्तव्य महाग विकणे हे नव्हे. त्यांचे कर्तव्य सांगणे हे आहे. "हा स्वस्तातला, झोकात दिसेल, पण उन्हात लावू नका, आणि दहा-वीस वर्षांनी पुन्हा छापावा लागेल. हा महाग, जरा तपकिरी दिसेल, पण नातवंडांपर्यंत जाईल. बघा तुम्हांला काय झेपतं ते." एवढी दोन वाक्ये बोलली म्हणजे स्वस्त शाईसुद्धा इमानदार होते. कारण मग ती नसलेला शब्द देत नाही.

आणि "जरा उजळ करा" या मागणीचे काय? येथे शाईचा प्रश्न अधिक खोल जातो. आज संगणकाला असे शिकविले आहे की चित्रातला बुरशीने खाल्लेला भाग तो आपल्या कल्पनेने भरून काढतो. एक डोळा गेला असेल तर तो दुसरा डोळा बसवितो, आणि इतका बेमालूम की सख्ख्या मुलालाही ओळखू येऊ नये. सावळ्या आईला तो गोरी करतो. नसलेला दागिना घालतो. विटणाऱ्या शाईत हे केले तर ते वीस वर्षांचे असत्य. कार्बनने केले तर ते पिढ्यान् पिढ्यांचे. नातवाच्या नातवाला तोच परका डोळा पणजीचा म्हणून पाहावा लागेल, आणि 'नाही, अशी नव्हती ती' असे सांगावयाला कोणी उरलेले नसेल. म्हणून टिकाऊपणा जसजसा वाढतो तसतशी सत्याची जबाबदारी वाढते. दगडावर कोरावयाचे असेल तर आधी शब्द पारखून घ्यावा लागतो. माझे मत विचाराल तर बुरशीने खाल्लेला कोपरा तसाच राहू द्यावा. तो डाग आईचा नाही, पुराचा आहे. पण तिच्या मुलांनी तिला पुरातून काढली, याचीही ती साक्षच आहे.

शेवटी शाई ही अर्धीच गोष्ट. युरोपात पूर्वी लोखंडाच्या क्षारांची शाई वापरीत; ती इतकी तिखट की कित्येक जुन्या दस्तऐवजांत अक्षरांच्या जागी कागदाला भोके पडली आहेत. ज्याच्या आधाराने उभे राहावयाचे त्यालाच खाऊन टाकणारा टिकाऊपणा काय कामाचा? चांगली शाई कागदाला जपते, चांगला कागद शाईला धरून ठेवतो, आणि दोघांनाही घरातल्या माणसांचा हात लागतो. आपल्याकडचा पावसाळा दमट. ओल्या भिंतीला टेकलेली तसबीर कार्बनची असली तरी तिचा कागद बुरशी खाणारच. तेव्हा छापणाऱ्याने आपला शब्द पाळला की आपल्यावरची जबाबदारी संपली, असे घरच्यांनी समजू नये. काच आणि चित्र यांत थोडे अंतर हवे, मागचा पुठ्ठा आम्लाचा अंश नसलेला हवा, चौकट थेट उन्हात नको आणि ओलीच्या भिंतीवर तर नकोच.

आणि आणखी एक काम आहे, ज्याला यंत्र लागत नाही, महाग शाई लागत नाही, अण्णाही लागत नाहीत. चेहरा शाबूत राहिला आणि नाव हरवले, तर ते चित्र जुन्या बाजारात रद्दीच्या ढिगात मिळणाऱ्या अनोळखी चित्रांसारखेच होते. घरात आज एखादी आजी, एखादी आत्या असेल, जिला त्या चौकटीतल्या साऱ्यांची नावे, गावे, नाती तोंडपाठ आहेत. तिला या दिवाळीत फराळाच्या ताटाशी जवळ बसवावे, तसबिरी उतरल्याच आहेत तर एकेक पुढे धरावी, आणि ती सांगेल ते चित्राच्या पाठीवर, कडेला, हलक्या हाताने लिहून ठेवावे. बॉलपेनने लिहू नये. त्याची शाई फुटते, पसरते आणि विटते. मऊ शिसपेन्सिलीने लिहावे. पेन्सिलीचे शिसे हे शिसे नसतेच मुळी; तेही कार्बनच.